शेपटीच्या कोटाच्या नऊ ट्रायली

आमच्या डान्स क्लासच्या खाली पिठाची गिरणी होती. त्यामुळं जालन्यातल्या कितीतरी नवरदेवांनी आयुष्यातली पहिली गिरकी ज्वारीच्या पिठावर घेतली. पीठ जिन्यानं वर यायचं, फरशीवर बसायचं आणि पाय कसे छान सरकायचे. पुण्या-मुंबईकडं नाचायच्या फरशीसाठी म्हणे खास लाकूड मागवतात. आमची सोय गिरणीवाल्यानं परस्पर केली होती. फक्त गहू दळायला लागला की सगळा मजला थरथरायचा, आणि ज्याला जन्मात कंबर हलवता आली नव्हती त्याचीही हलायची. अशा वेळी आम्ही घरच्यांना वर बोलावून मुलाची प्रगती दाखवायचो.

आम्ही म्हणजे मी, सुनंदा, आणि अन्वरभाई. तरुणपणी आम्ही एका ऑर्केस्ट्रात जोडीनं नाचायचो. अंबडच्या गणेश मंडळापासून राजूरच्या जत्रेपर्यंत, जिथं स्टेज आणि माइक असेल तिथं. माझे यजमान एस.टी.त वाहक. ते म्हणायचे, "तू नाच, मी तिकिटं फाडतो, दोघांचंही काम उभ्यानंच." अन्वरभाईंचा पिढीजात धंदा शिवणकामाचा. जुन्या जालन्यात त्यांचं दुकान आहे. पाटीवर अजून वडिलांचंच नाव, आणि गिऱ्हाइकं यांना नुसतं 'टेलरभाई' म्हणतात. दिवसा ते कोट शिवायचे आणि कार्यक्रम असला की स्वतःच शिवलेला कोट घालून नाचायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि लग्नाआधी 'संगीत' नावाचा कार्यक्रम आमच्याकडंही सुरू झाला, तेव्हा आम्ही क्लास काढला.

आमचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मी ठेक्याच्या जरा आधी पाय टाकते असं त्यांचं म्हणणं, आणि ते तोंडात सुपारी ठेवून मोजतात म्हणून 'सात' आणि 'आठ' एकसारखे ऐकू येतात असं माझं. या विषयावर आम्ही तीस वर्षं भांडलो. विद्यार्थ्यांना वाटायचं, हा शिकवण्याचाच भाग आहे.

लग्नातला नाच शिकवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. तुमच्याकडं दहा-बारा दिवस असतात. मुलगी घरी आरशासमोर पाच वर्षं नाचलेली असते, मुलगा कधीच नाही. मुलगा पायांकडं बघतो. त्याला वर बघ म्हटलं तर मुलीकडं बघून हसत सुटतो. म्हणून त्याला सांगायचं, तिच्या कानातल्याकडं बघ. काकालोकांना फक्त हात द्यायचे, पाय द्यायचे नाहीत. राजूरच्या एका जोडप्याला मुलाच्या आईनं सांगितलं होतं की सुरुवात गणपतीला नमस्कार करून करायची. त्यांनी हात जोडले आणि घाबरून पुढची चार मिनिटं सोडलेच नाहीत. अख्खा नाच हात जोडून झाला. पाहुण्यांना फार आवडला. संस्कारी आहेत म्हणाले.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलं. जोडीच्या नाचात पुरुष पुढं चालतो आणि बाई मागं मागं. मी तीस वर्षं मागं चालले. पुरुषाची पावलं शिकायची मला कधी गरजच पडली नाही. ती अन्वरभाईंकडं होती.

केतकी अंबडच्या कोर्टात वकिली करते. नवीनच सुरू केली होती. तिचं लग्न ठरलं शहागडच्या वैभवशी. त्याच्या घरचं हायवेवर टायरचं मोठं दुकान. दोघं क्लासवर आले ते लॅपटॉप घेऊनच.

"मॅडम, आम्हाला आठ गाण्यांचं कडबोळं नकोय," केतकी म्हणाली. "हे पाहिजे."

तिनं एक अमेरिकेतला सिनेमा लावला. काळापांढरा, माझ्या आईच्या जन्माच्याही आधीचा. पुण्याला शिकताना होस्टेलवर तिनं तो कितीदा तरी पाहिला होता. गोष्ट अशी की एक पुरुष आणि एक बाई हॉटेलात भेटतात. ती त्याला भलताच कुणीतरी समजते आणि चिडते. तो समजवायला जातो, ती आणखी चिडते, आणि प्रत्येक भांडणाचा शेवट नाचात होतो. भांडणाऱ्या माणसांचे पाय मात्र कुठंही चुकत नाहीत.

अन्वरभाईंनी चष्मा पुसला. "ये लोगां कामधंदा काय करतात?"

"काही नाही सर. राहतात आणि नाचतात."

"मंग बराबर है. इतकी प्रॅक्टिस कामवाल्याला कुठून जमणार!" मग ते लॅपटॉपजवळ सरकले. त्या माणसाच्या अंगात पुढून आखूड आणि मागून दोन शेपट्या सोडलेला काळा कोट होता. "बाई, खांदा बघा. हात पूरा ऊपर गया, तरी खांदा उठला न्हाई. काख इतकी वर कापलीय. कोई उस्ताद आदमी था शिवणारा."

मी त्या बाईकडं बघत होते. तिचा पांढरा घेरदार झगा, उंच टाचा, आणि सगळं मागं मागं. तो माणूस छान नाचत होता, पण त्याला निदान आपण कुठं चाललोय ते दिसत होतं.

"तुम्ही दोघं अगदी यांच्यासारखे आहात," केतकी म्हणाली.

"शेवटी काय होतं यांचं?" मी विचारलं.

"लग्न."

"मग नाही आम्ही यांच्यासारखे," मी म्हणाले, आणि अन्वरभाईंनी कपाळाला हात लावून "अल्ला का शुकर" म्हटलं.

काम ठरलं. तीन मिनिटांचा एकच नाच. कोट आणि झगा अन्वरभाईच शिवणार. दोन दिवस तालीम झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी वैभवचे मोठे काका आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. वैभवचे वडील लवकर गेले, तेव्हापासून घर आणि दुकान आबांनीच सांभाळलं. वैभव त्यांच्यापुढं बसतही नसे.

आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, गिरणीचं पीठ झटकलं. बोलणं अतिशय गोड.

"ताई, तुमच्याबद्दल काही न्हाई. तुम्ही आमच्या भैनीसारख्या. पण ते दुसरे मास्तर... आमच्याकडं चार गावचे पाव्हणे येणार. उगं कशाला बोलायला जागा ठिवायची? तुम्ही एकट्याच शिकवा."

"अन्वरभाईंबद्दल म्हणताय का?"

"मी कुणाचं नाव घेतलं न्हाई," आबा म्हणाले. "तसं माझ्या मनात काही न्हाई बघा. माझी सफारी जुन्या जालन्यातला त्यांच्यातलाच एक टेलर शिवतो, वीस वर्षं झाली. तसा हात न्हाई कुणाचा. पोराचा कोट बी त्याच्याकडंच टाकायला सांगितला म्या."

त्यांच्या अंगावर जी सफारी होती तिच्या खिशावरची टीप मी ओळखली. त्यांचा टेलर आणि आमचा मास्तर एकच, हे मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं असतं तर बहुतेक टेलरही गेला असता, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण तेवढं थोर नव्हतं. समोर मोठा माणूस बसलेला होता, गोड बोलत होता, आणि मला नाही म्हणायची सवय नव्हती. मी म्हणाले, "बरं."

संध्याकाळी अन्वरभाईंना सांगितलं की मुलीकडच्यांना फक्त लेडीज टीचर हवीय. ते दाराशी चप्पल काढत होते. अर्धी काढलेली चप्पल त्यांनी पुन्हा घातली.

"हौ," ते म्हणाले. "मेरेकू भी कोट का काम है." आणि जिना उतरून गेले.

पुढचा आठवडा माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट. केतकीला मी दोन दिवसांत तयार केलं. वैभवला शिकवायला उभी राहिले आणि लक्षात आलं, मला येतं ते सगळं बाईचं. मी दाखवायची, तो मन लावून उचलायचा. कष्टाळू मुलगा. चौथ्या दिवशी गाणं लावलं, दोघांना समोरासमोर उभं केलं, 'पाच-सहा-सात-आठ' म्हटलं, आणि दोघंही झोकात मागं निघाले. ती खिडकीकडं, तो जिन्याकडं. मधे दहा फूट पीठ.

"मॅडम," केतकी लांबून म्हणाली, "आमचा घटस्फोट लग्नाआधीच व्हायला लागलाय."

वैभव हसला नाही. केतकीनं गाणं बंद केलं. "अन्वर सर कुठंयत? खरं सांगा."

मी काहीतरी कोटाचं बोलले. वैभव खाली बघत म्हणाला, "आबांनी येऊ नका म्हणून सांगितलंय. मला म्हाईत होतं."

"तुला माहीत होतं?" केतकी म्हणाली. "आणि तू गप्प बसलास?"

"आबांपुढं काय बोलू मी? त्यांनीच वाढवलंय मला."

"एवढंही बोलता येत नसेल तर लग्नानंतर तू कशाकशावर गप्प बसशील, ते मला आजच कळू दे."

ती पर्स उचलून निघून गेली. वैभव तिच्यामागं धावला. मी एकटीच राहिले. खाली डाळ दळणं चालू होतं. त्या मुलीनं वैभवला जे विचारलं ते मला विचारलं असतं, तर माझ्याकडं काय उत्तर होतं? वैभवला निदान वाढवल्याचं कारण तरी होतं.

मला वाटलं, लग्न मोडलं. दोन दिवस कुणाचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी दोघं आले, जणू काही झालंच नाही. गाणं लावलं, आणि वैभव पुढं चालला. डावा पाय, उजवा पाय, वळण, थांबा. चौथ्या ठेक्यावर त्यानं डावा खांदा किंचित खाली सोडला. तसा खांदा सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

"कुठं शिकलास?"

"यूट्यूबवर," वैभव म्हणाला. केतकी छताकडं बघत होती.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या जालन्यात गेले. दुकानाबाहेर बाकावर आबा बसले होते, चहा पीत. मला बघून त्यांनी जागा करून दिली.

"या ताई. पोराच्या कोटाची ट्रायल चालू हाय. सहावी. इतक्या ट्रायली लागतात का हो कोटाला?"

आतून अन्वरभाईंचा आवाज आला, "इंग्लिश कोट है साब! चाल बघून कापावा लागतो. नवरदेव, चला. पाँच, छे, सात, आठ!"

पडद्यामागं पावलं सरकल्याचा आवाज. आबांनी कौतुकानं मान हलवली. "बघा, कसं मापून काम करतो मानूस. दुसरा असता तर टेप लावून मोकळा झाला असता."

मी पडदा बाजूला करून आत गेले. कापायचं टेबल भिंतीला लावलं होतं. वैभव नुसत्या अस्तराच्या कोटात उभा, आणि अन्वरभाई माझ्या जागी, माझी पावलं टाकत. इतकी वर्षं ते माझ्याकडं बघत होते हे मला तेव्हा कळलं. माझी प्रत्येक खोड त्यांच्या पायात होती. मी ठेक्याच्या आधी पाय टाकते तोसुद्धा त्यांनी टाकला.

वैभव बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "ही तुमची युक्ती?"

"वकीलसाहेबा की. लडकी खुद आकर बैठी इथं. बोली, सर, ट्रायल कितीबी घेता येतात ना?" ते खडूनं कापडावर रेघ मारत होते. रेघ संपल्यावर म्हणाले, "बाई, तुम मेरेकू सच बोलना था."

त्यांनी खडू खाली ठेवला.

"मला असं काही नवीन न्हाई. रडलो नसतो मी. पण तीस बरस में तुमचा ताल चुकला तर मी सांभाळला, माझा चुकला तर तुम्ही सांभाळला. ही पहिली खेप, तुम्ही मला न सांगता हात सोडला."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हौ," ते म्हणाले, आणि कात्री उचलली. त्यांनी मला 'जाऊ द्या' म्हटलं नाही. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

एकंदर ट्रायली नऊ झाल्या.

कार्यक्रम शहागडजवळच्या एका लॉनवर होता, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. सूर्य अजून मावळला नव्हता. हायवेवरनं ट्रक जात होते. अन्वरभाई आले होते ते टेलर म्हणून. आबांनीच बोलावलं होतं, ऐनवेळी टाका उसवला तर असावा म्हणून. ते स्टेजच्या कडेला सुईदोरा घेऊन, ओठांत टाचण्या धरून उभे राहिले. मी दुसऱ्या कडेला.

केतकी झग्यात आली तेव्हा बायका कुजबुजल्या. वैभव कोटात आला तेव्हा दुकानावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाणं सुरू झालं आणि शिट्ट्या थांबल्या. टायरच्या दुकानातला मुलगा, कानातल्याकडं नजर लावून, त्या मुलीला घेऊन असा काही सरकला की मलाच खरं वाटेना. हात वर गेला. कोटाचा खांदा तसूभर उठला नाही.

दीड मिनिट झालं आणि डीजेवाल्याचा लॅपटॉप बंद पडला.

एकदम शांत. दोघं मधोमध थांबले. वैभवचा चेहरा उतरला. डीजेवाला वायरी हलवत होता. पाव्हण्यांतून कुणीतरी हसलं. तेवढ्यात अन्वरभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, सुपारी गालात सरकवली आणि टाळी वाजवत मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, "पाँच! छे! सात! आठ!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आबांनीही. त्यांची मान टेलरकडून वैभवकडं गेली, वैभवकडून माझ्याकडं आली. तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा गप्प उभं राहायचं असेल तर ही शेवटची संधी आहे. मी स्टेजवरनं पलीकडं चालत गेले आणि अन्वरभाईंपुढं हात धरला.

"बाई, घुटने," ते हळूच म्हणाले.

"माझे पण," मी म्हणाले.

आणि आम्ही नाचलो. गाणं नव्हतं. टाळ्यांचा ठेका केतकीच्या मैत्रिणींनी उचलला, मग दुकानावरच्या पोरांनी. मधोमध ती दोघं, बाजूला आम्ही दोघं. मी नाचायच्या तयारीनं आले नव्हते, साध्या सुती साडीत होते. त्यांच्या गळ्यात टेप लोंबत होता. मी ठेक्याच्या आधी पाय टाकला. त्यांनी सांभाळला.

जेवणाच्या मांडवात आबा आमच्यापुढं येऊन उभे राहिले.

"टेलरभाई, तुम्ही?"

"हौ साब," अन्वरभाई म्हणाले. "दोनी कामं मीच करतो."

आबा माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही सांगितलं न्हाई."

"तुम्ही कुणाचं नाव घेतलं नव्हतं," मी म्हणाले. "मग मी तरी कसं घेऊ?"

आबा निघून गेले. लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लागलं. आम्ही गेलो नाही. अन्वरभाईंच्या दुकानात आबांच्या सफारीचं कापड पडून होतं, अर्धं कापलेलं. ते न्यायलाही कुणी आलं नाही, शिवा म्हणूनही निरोप आला नाही. अन्वरभाईंनी त्याची घडी घालून वरच्या फळीवर ठेवली. मी एकदा म्हणाले, "माझ्यामुळं गिऱ्हाईक गेलं तुमचं." ते म्हणाले, "नाचामुळं गेलं. चालतंय."

पाच-सहा महिने गेले. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. आधी काकू, आबांच्या पत्नी, दम खात वर आल्या. त्यांच्यामागं आबा, कठड्याला धरून. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीनं अट घातली होती की संगीताला आईवडलांनी जोडीनं नाचलंच पाहिजे. अट केतकीनं शिकवली असणार. वकिलाच्या हातची वाटत होती.

"म्या म्हणलं, आपल्याला काय जमतंय," आबा भिंतीकडं बघून म्हणाले. "पण ह्या ऐकून न्हाई राह्यल्या."

काकूंनी पदर खोचला होता. चाळीस वर्षांत नवरा पहिल्यांदा आपल्यासाठी काहीतरी अवघड करणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी काकूंना खिडकीजवळ घेतलं. अन्वरभाई आबांसमोर जाऊन उभे राहिले, आणि मोठ्या अदबीनं हात पुढं केला. आबांनी त्या हाताकडं बराच वेळ बघितलं. मी काकूंची पावलं दाखवायचं सोडून बघत होते. काकूही बघत होत्या.

"पायाकडं बघायचं का?" आबांनी विचारलं.

"पायाकडं बघायचं नाही साब. समोर बघा."

आबांनी हात दिला. खाली गिरणीवाल्यानं गहू टाकला आणि मजला थरथरला. आबांचा तोल गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी अन्वरभाईंचा खांदा गच्च धरला.

"चला," अन्वरभाई म्हणाले. "पाँच, छे..."

"सोडू नका, मास्तर," आबा म्हणाले. "पडंन मी."